सहा दिवसांचा जावई

मी माझ्याच आईबापाच्या घरात सहा दिवस जावई म्हणून राहिलेलो आहे. जावईपणाचं एवढं काय, सगळ्याच लग्न झालेल्या पुरुषांच्या नशिबी ते असतं, असं कुणी म्हणेल. पण माझं पहिलं जावईपण वयाच्या अकराव्या वर्षी, हुलसूरच्या आमच्या राहत्या घरी, बायकोशिवाय आणि अक्षतांशिवाय पार पडलं. पुढे उमरग्याला खरोखरचा जावई झालो तेव्हा सासूबाईंनी पाट मांडला, समई लावली, आणि मी दचकून उभाच राहिलो. "बसा की," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "आधी ताटं तरी घेऊ द्या." पोरगा फार साधा आहे, असं त्यांनी शेजारणीला सांगितलं म्हणे. साधा कसला! चटका बसलेला होता.

आमचं घर म्हणजे चार माणसं. आई शाळेत मास्तरीण. अप्पा म्हणजे वडील. त्यांचं बसस्टँडजवळ बी-बियाणांचं दुकान आणि बसवकल्याणच्या रस्त्याला थोडी शेती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी अक्का, आणि मी, संगू. आमच्या घरात बायकांचं काम आणि गड्यांचं काम असा भेद नव्हता. काम वाराचं होतं. कॅलेंडरवर आईने पेन्सिलीने लिहून ठेवलेलं असायचं: सोमवारी भाकरी अप्पांच्या, मंगळवारी अक्काच्या, बुधवारी माझ्या. गुरुवारपासून आई, आणि मग पुन्हा फेरा. ज्याची भाकरी नाही त्याच्याकडे पाणी, झाडलोट, नाहीतर भांडी. अप्पा तरुणपणी गुलबर्ग्याला खोली करून शिकले होते. पिठलं, भाकरी, तव्यावरचा ठेचा सगळं त्यांना यायचं. गल्लीतले लोक त्यांना मागून "मास्तरीणबाईचा घरवाला" म्हणायचे. अप्पांना ते कळलं तेव्हा ते इतके खूश झाले की दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की स्वतःच तशी ओळख करून द्यायचे.

भाकरीचे आवाज मला आजही ओळखू येतात. अप्पांची भाकरी दणदण वाजायची, जणू परातीशी जुनं वैर. आईची थपथप, हजेरी घेतल्यासारखी एका लयीत. अक्काची भरभर. माझी भाकरी वाजायचीच नाही. चिखलातून चप्पल ओढत निघालेल्या माणसासारखा कसला तरी पचपच आवाज यायचा आणि मग बराच वेळ काहीच नाही. भिंतीपलीकडे खाला राहायची. ती चुडीवाल्यांच्या घरातली, एकटी, तोंडाने फटकळ, हाताने मऊ. माझ्या वाराला ती भिंतीवरून हाक द्यायची, "आज बुधवार है क्या जी? भूक लगी तो इधर आ जाओ!" ज्या दिवशी अंबाड्याची भाजी, शेंगाची चटणी आणि वर माझी भाकरी असायची, त्या दिवशी सगळे चटणीच जास्त खायचे. कुणी काही बोलायचं नाही. आईचा नियम होता, ज्याने केलंय त्याला नावं ठेवायची नाहीत. पुढच्या बुधवारी तोच करणार आहे.

हे सगळं मला जगरहाटीच वाटायचं. अकरा वर्षांचा होईपर्यंत मी दुसऱ्याच्या घरात चार दिवसांहून जास्त राहिलो नव्हतो. मग हळ्ळीखेडला मामाच्या घरी बारसं निघालं. आई, अक्का आणि मी गेलो. अक्का दोन दिवस राहिली, दोन्ही दिवस भाकऱ्या थापल्या आणि आईबरोबर परत गेली. मामी म्हणाली, नाताळची सुट्टी हाय, भाच्याला ठेवा आठ दिवस. मी राहिलो. आणि माझे डोळे उघडले.

मामाच्या घरी भाचा म्हणजे देव. सकाळी साय घातलेलं दूध हातात. आंघोळीला पाणी काढलेलं, टॉवेल धरून मामाची मुलगी उभी. माझ्याहून लहान, पण उभी. जेवायला आधी गडी बसायचे, त्यांच्यात मी. मामा जेवताना बोलायचा नाही. पाणी संपलं की रिकामा लोटा जमिनीवर दोनदा टेकवायचा, टक टक, की आतून पाणी यायचं. वरण पाहिजे असलं की वाटी, टक टक. मला ती जादूच वाटली. तिसऱ्या दिवशी मी हळूच करून बघितलं. टक टक. पाणी आलं! मामा मिशीत हसला आणि म्हणाला, "शिकायलास की रे. तुझ्या बापाला कुणी शिकवलं न्हाई, म्हणून बसलाय भांडी घासत." त्या क्षणी मला अप्पांची दया आली. आपल्या घरात केवढा अन्याय चाललाय आणि आपल्याला पत्ताच नाही, ह्या विचाराने मी सायीचं आणखी एक भांडं दूध प्यायलो.

परत आलो तो नव्या ज्ञानाने फुगून. येळवस सात-आठ दिवसांवर आली होती. आमच्या भागात दिवाळीला न येणारा माणूस येळवशीला येतो. मार्गशीर्षातल्या त्या अवसेला अख्खं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव मांडायचे, पूजा करायची, मग पालेभाज्या आणि ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, तिळाच्या पोळ्या आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली ही आंबील मातीच्या बिंदगीत भरून, डोक्यावरून, अनवाणी शेतापर्यंत न्यायची. मध्ये खाली टेकवायची नाही. नेणाऱ्याच्या डोक्यावर घोंगडी असते, आणि पूजा झाली की "ओलगे ओलगे" असं ओरडत त्यानेच पुढे राहून पिकाभोवती आंबील शिंपायची. ओलगे हा शब्द कन्नडचा की मराठीचा, ह्यावर दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बोट दाखवतात आणि सगळे सारख्याच जोराने ओरडतात. बिंदगी न्यायचा मान घरच्या माणसाचा. आजवर अप्पा न्यायचे. पण गेल्या येळवशीला त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून उंची मोजली होती आणि म्हणाले होते, "पुढच्या साली तू." वर्षभर मी पाण्याची कळशी डोक्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारत होतो. खाला म्हणायची, हे पोरगं पागल झालंय.

आल्या दिवशी रात्रीच्या जेवणाला मी पाटावर ऐसपैस बसलो, पाणी प्यायलो आणि लोटा टेकवला. टक टक.

अक्काने मान वर केली. "कामून वाजवायलास? तबला शिकायलास का?"

"पाणी आण."

"माठ हितंच हाय. हात लांब कर."

मग मी ते भाषण केलं, जे मी हळ्ळीखेडच्या बसमध्ये पाठ केलं होतं. मी पोरगा हाय. पोरगा वंशाचा असतोय. मी ताट उचलणार न्हाई, भांडी घासणार न्हाई, आणि बुधवार तर मुळीच करणार न्हाई. आपल्या घरात सगळं उलटं चाललंय, मामाकडं जाऊन बघा. शेवटी दम लागला म्हणून थांबलो. अप्पांनी घास खाली ठेवला. अक्का आईकडे बघायला लागली. आता वाजणार, अशी तिची खात्री होती. मीही मनातून गाल तयार ठेवला होता.

आई मात्र गोड हसली. इतकी गोड, की मला तेव्हाच पळून जायला हवं होतं. "खरं हाय की," ती म्हणाली. "आमच्याकडून लई चूक झाली." ती उठली, आतून नवा पाट आणला, ओसरीवर मांडला, त्यावर घोंगडीची घडी टाकली, शेजारी तांब्याभांडं ठेवलं, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडून म्हणाली, "या. बसा, जावईबापू."

पहिले दोन दिवस मी स्वर्गात होतो. सकाळी अक्का पदर नसताना ओढणीचा पदर करून यायची, "चहा घेणार का दूध घेणार जी?" लोटा टेकवला की पाणी यायचं. मी म्हणालो असतो तर तिने पंखाही हलवला असता. मला वाटलं, एवढं सोपं होतं? उगाच अकरा वर्षं भांडी घासली. अप्पा दुकानातून आले की चप्पल काढून माझ्यासमोर अदबीने बसायचे, दोन्ही हात गुडघ्यावर, आणि विचारायचे, "मग? तुमच्याकडं पाऊसपाणी कसं काय औंदा?"

मी म्हणायचो, "बरं हाय."

"तूर?"

"तूरबी बरी हाय."

"वा वा. घरची मंडळी?"

इथे माझी पंचाईत व्हायची, कारण घरची मंडळी समोरच बसलेली असायची. दुपारी खाला वाटीभर काहीतरी घेऊन आली, तिला कुणी काय सांगितलं होतं देव जाणे, तिने दारातच कपाळाला हात लावला. "सलाम जी दामादसाब! कब आए? सुसरालवाले खिलारे-पिलारे ना बराबर?" आणि जाताना माझ्या गालाचा मुका न घेता गेली. रोज घ्यायची. मला तो मुका मुळीच आवडायचा नाही, पण न मिळाल्यावर गाल रिकामा रिकामा वाटला.

तिसऱ्या दिवसापासून मला जावईपणाची दुसरी बाजू दिसू लागली. जावयाला आधी वाढतात; म्हणजे एकट्याला वाढतात. मी ओसरीवर जेवायचो, नंतर ते तिघं आत चुलीपाशी. आमच्या घराचं सगळं घरपण त्या चुलीपाशी होतं. रेडिओ तिथे, शाळेतल्या गमती तिथे, दुकानात कोण काय बोललं ते तिथे. मला आतून हसण्याचे आवाज यायचे. मी ओरडून विचारायचो, "काय झालं?" आतून आई अदबीने म्हणायची, "काई न्हाई जी, घरातलं हाय." गोट्या खेळायला निघालो तर अक्का आडवी, "पाहुणं गल्लीत लोळायलंय म्हटल्यावर लोक आमच्या तोंडात शेण घालतील की!" मांजरीला तुरीच्या पोत्यामागे पिल्लं झाली, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि तेही खालाकडून. भाकरीचा एक दगडासारखा तुकडा ताटात आला म्हणून कुरकुर केली तर तिघंही धावत आले, "चुकलं, चुकलं, जावईबापू रागावले!" मला कुणी साधं रागावतसुद्धा नव्हतं. मी मुद्दाम कपबशी फोडली. आई म्हणाली, "राहू द्या हो, तुमचीच होती."

आज मी बापांच्या पिढीत गेलोय, शेजारच्या घरातले तरुण बाप मुलांना वळण लावण्याचे मोबाईलवरचे व्हिडिओ मला पाठवतात. त्यात सगळे शांतपणे समजावून सांगत असतात. आमच्या आईने मला एक अक्षर समजावून सांगितलं नाही. तिने फक्त मी मागितलं ते दिलं, पोटभर, वर तूप घालून.

चौथ्या दिवशी दुपारी मी पाटावर पेंगत होतो आणि आत अप्पांनी विषय काढला. "येळवस आली की. बिंदगीचं कसं? पाहुण्याच्या डोक्यावर कशी द्यायची?" मी ताडकन जागा झालो. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बिंदगी घरच्या माणसाची. आणि मी तर जावई! मी श्वास धरून ऐकत होतो की आई आता म्हणेल, जाऊ द्या, झाला खेळ पुरे. अप्पाही तेवढंच म्हणवून घ्यायला बोलले असावेत.

पण आवाज अक्काचा आला. "मी हाय की."

आत कुणीतरी रेडिओ बंद केला. चुलीतलं लाकूड तडकलेलं मला ओसरीवर ऐकू आलं.

"तू?" अप्पा म्हणाले.

"संगूपरीस उंच हाय मी. दोन वर्षं झाली तुमच्या खांद्याला लागायलेय."

मग आई बोलली. तिचा तो नाटकातला गोड आवाज कुठे गेला होता. "पोरी, मग दोन वर्षं बोलली का न्हाईस ग?"

"तुम्ही इचारलं न्हाई."

त्यानंतर आतून कुणी हसलं नाही. मी तेव्हा फक्त एवढाच विचार करत होतो की माझी बिंदगी गेली. पण आता माझी सत्तरी ओलांडलेली आई ही गोष्ट निघाली की अजून मान हलवते. म्हणते, कॅलेंडरवर भाकरीचे वार लिहिले, भांड्याचे लिहिले, आणि माझ्या पोरीला मान पाहिजे का हे इचारायचं माझ्या ध्यानात आलं नाही. मी तुला धडा शिकवायला निघाले आणि तास माझाच झाला.

आमच्याकडे बिंदगी नेणाऱ्यानेच आधीचे दोन दिवस आंबील घुसळायची असते. अक्काने पाचव्या दिवशी पीठ ताकात कालवलं. मी ओसरीवरून बघत होतो. दुपारी आई सुट्टीतलं काहीतरी काम म्हणून शाळेत, अप्पा दुकानात, अक्का विहिरीवर. माझं डोकं असं चाललं की, आपणही घुसळली तर आपलाही हक्क लागतो. बुडत्याचं गणित असंच असतं. मी जावयाच्या पाटावरून उठलो, चोरासारखा माझ्याच स्वयंपाकघरात शिरलो, दोन्ही हातांनी रवी फिरवली आणि काम पुरं झाल्यासारखं वाटावं म्हणून खड्यामिठाची चांगली मूठ टाकली. लहान मूठ, पण पोरगा जिद्दीला पेटलेला.

सहाव्या दिवशी सकाळी आईने चहा दिला, समोर बसली, पदर सारखा केला आणि विचारलं, "मग जी, गाडी कधीची हाय तुमची?"

मला कळेना. "कुठं जायची गाडी?"

"आता ते आम्हाला काय माहीत? पाहुणा आलाय म्हणजे कधीतरी जाणारच की. चार दिवस आलात, बरं वाटलं."

मग मी जे रडलो ते खालाच्या घरापर्यंत ऐकू गेलं. ती भिंतीवरून म्हणाली, "बस करो जी मास्तरीण, बच्चा है!" मी हुंदके देत म्हणालो, मला जावई व्हायचं न्हाई. आई म्हणाली, मग काय व्हायचंय? मी म्हणालो, "घरचा." तिने हात धरून मला मोरीपाशी नेलं. सहा दिवसांची भांडी नव्हती, पण भज्जीच्या तयारीची होती, म्हणजे जवळजवळ तेवढीच. मी राख घेऊन बसलो. अप्पा मागून आले, टपली मारली आणि म्हणाले, "सरक तिकडं," आणि शेजारी बसून पातेलं ओढलं. पाऊसपाण्याचं काही विचारलं नाही. मला इतकं बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी मी अक्काला आंबिलीत मीठ टाकताना बघितलं. मोजून, दोन मुठी, अप्पांनी सांगितल्याप्रमाणे. कालची माझी मूठ कुणालाच माहीत नव्हती, आणि नैवेद्याची आंबील आमच्याकडे चाखत नाहीत, देवाआधी जीभ लावायची नसते. मी तोंड उघडलं आणि मिटलं. नुकताच घरचा झालो होतो. सांगितलं आणि पुन्हा पाट मांडला तर? मी गप्प भांडी पुसत राहिलो.

येळवशीच्या दिवशी मामा हळ्ळीखेडहून आला, धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. अक्काच्या डोक्यावर घोंगडी आणि बिंदगी बघून तो आईला म्हणाला, "ताई, भाचा असताना पोरगी?" आई म्हणाली, "चल की, उशीर व्हायलाय." आम्ही निघालो. पुढे अक्का, अनवाणी, मान ताठ, एक हात बिंदगीला. तिच्या पायाला काटा रुतला तेव्हा ती एका पायावर थांबली, मी काढला, पण बिंदगी हलली नाही. मागे मी, डोक्यावर भज्जीची टोपली. बांधावरून कुणीतरी ओरडलंच, "मास्तरीणबाई, तुमच्याकडं पोरगा न्हाई का?" अप्पा म्हणाले, "हाय की! मागं भज्जी घेऊन येऊलालाय."

पूजा झाली. अक्का पिकात शिरली आणि ओरडली, "ओलगे ओलगे!" तिचा आवाज वर्गात कविता म्हणतानासुद्धा तिसऱ्या बाकापर्यंत जायचा नाही. त्या दिवशी तो तुरीवरून थेट रस्त्यापर्यंत गेला. दोन शेतं पलीकडच्या माणसांनी कामं सोडून माना वळवल्या. ती हसत होती. घोंगडी मागे पडलेली, हात कोपरापर्यंत पांढरे. मी मागून ओरडत होतो आणि माझं सगळं लक्ष बिंदगीत किती उरलीय ह्याकडे होतं. सगळी शिंपून संपावी, असा मी पाचही पांडवांना नवस बोललो. संपली नाही.

कोपीपुढे पंगत बसली. पहिला वाटगा मामाला, पाहुण्याचा मान. मामाने मिशा वर केल्या, मोठा घोट घेतला आणि त्याचे डोळे तसेच राहिले. गिळता येईना, थुंकता येईना, नैवेद्य होता. शेवटी गिळलं. "ही कुणाच्या हातची?"

"माझ्या," अक्का म्हणाली.

मामाने वाटगा खाली ठेवला. "म्हणून म्हणत होतो ताई. पोरीच्या डोक्यावर बिंदगी दिली की असं होतंय. पुढच्या साली तरी रीत मोडू नका." शेजारच्या शेतातून आलेल्या दोघातिघांनी माना हलवल्या. अप्पांनी घोट घेतला, त्यांचंही तोंड वाकडं झालं. अक्का आधी बिंदगीकडे बघत होती, मग स्वतःच्या हातांकडे. ती मोजत होती. दोनच मुठी, दोनच. तिचं हसू गेलं, आणि ती घोंगडीची घडी घालायला लागली, जणू आता ती परत द्यायचीय.

मला ती घडी बघवली नाही. मी पंगतीतून उठलो. "मीठ मी टाकलंय."

"तू?" मामा म्हणाला. "तू चुलीपाशी कामून गेलतास?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला सायीचं दूध आठवलं, टॉवेल आठवला, टक टक आठवलं. हे सगळं आता कायमचं बंद होणार होतं. "रोजच जातो मी," मी म्हणालो. "बुधवार माझा असतोय. भाकरी, भांडी, सगळं. परवा आंबीलबी घुसळली, कुणाला न सांगता. अक्काचं मीठ बरोबर हाय. माझी मूठ जास्तीची हाय. आणि मला कालच कळलं होतं, मी बोललो न्हाई."

भिंत नसतानाही भिंतीपलीकडून आल्यासारखा खालाचा आवाज आला. तिलाही येळवशीला बोलावलेलं असायचं. "या अल्ला, जावई हो के भी खारट!" आणि आधी अक्का हसली, मग आई, मग मामा सोडून सगळे. अप्पांनी विहिरीचं पाणी आणि शेजाऱ्यांकडचं ताक मागवून आंबील दुप्पट वाढवली. त्या वर्षी ती चार शेतांना पुरली. आई माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता पाट. तिने माझ्या हातात वाटगा दिला, काठोकाठ, पातळ न केलेला, आणि कानात म्हणाली, "पी. पाहुण्याच्या हातून चुका होत न्हाईत रे. घरच्याच्याच होतात."

मी प्यायलो. त्या दिवशी मी किती पाणी प्यायलो ते विहिरीला माहीत. मामा परत जाताना अक्काला म्हणाला, "मान लई ताठ ठेवलीस ग." ते कौतुक होतं की टोमणा, हे आम्हाला आजवर ठरवता आलेलं नाही.

अक्का आता बसवकल्याणला असते. गुडघे दुखतात, चष्म्याचा नंबर वाढलाय. लग्न झालेली लेक माहेरी पाहुणी, असं जग म्हणतं; ती येळवशीच्या दोन दिवस आधीच बस पकडून येते, पिशवी कोपऱ्यात फेकते आणि पीठ कालवायला बसते. गल्लीत कुणी विचारलं, "माहेरपणाला आलात का जी?" तर म्हणते, "न्हाई, घुसळायला आलेय." तिच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या खऱ्याखुऱ्या जावयाला, ती पहिल्याच वर्षी कांदे चिरायला बसवून मोकळी झाली. बिंदगी आता आळीपाळीने फिरते. गेल्या साली माझ्या लेकीने नेली, त्याआधी भाच्याने. कॅलेंडरवर लिहिलेलं असतं.

शेतात पूजा झाली की पंगत बसते. पहिला वाटगा मात्र ठरलेला. आई कोपीच्या सावलीत खुर्चीवर बसून तो स्वतः भरते, माझ्याकडे करते, आणि अक्का डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून म्हणते, "घ्या, जावईबापू." सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघत असतात. मी मोठा घोट घेतो. आंबील दरवर्षी झकास असते, मीठ अगदी बेताचं. तरी मी तोंड वाकडं करतो.